गॅरोबाई, वेंडी आणि चालू राहिलेला माइक

गिरावीन, सिडनी
सप्टेंबर २०२१

ठाणे मुक्कामीच्या नामवंत कादंबरीकार श्रीमती चित्रलेखाबाई यांच्या चरणी वीणाचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतील तितकाच, उरलेला मनाने पोचला असं समज).

तुझी तब्येत कशी आहे हे विचारायचा मला हक्क आहे, पण उत्तराची आशा नाही. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटवून गप्प बसतेस. म्हणून हे हाताने लिहिते आहे. आमचा संजीव ते स्कॅन करून तुझ्या शौनकला पाठवेल आणि शौनक छापून तुझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवील, असा आम्हा तिघांचा कट आहे. एप्रिलमध्ये दत्तात्रयभाऊजी हॉस्पिटलमध्येच गेले तेव्हा मी इथे अडकलेली. लेकाकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाली ती झालीच. तुझ्याजवळ येऊन नुसतं बसताही आलं नाही. त्यावर आणखी लिहायला गेले तर कागद भिजेल आणि संजीवचा स्कॅनर आधीच कुरकुरतो, तेव्हा माझ्या फजितीकडे वळते.

आमच्याकडे लॉकडाऊन असा की आकाशात पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतं आणि खाली मी मास्क लावून पालक निवडते. संजीव एका खोलीत मीटिंगमध्ये, विनीता दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये. सासूने मोठ्याने बोलायची जागा म्हणजे लॉन्ड्री. अशात मला देवासारखी भेटली ती शेजारची वेंडी. ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका. रोज दुपारी कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसायची, अलीकडे मी. ती मला ब्रेडच्या पिशवीतून पुस्तकं द्यायची आणि मी ती सॅनिटायझरने पुसायची (एका मुखपृष्ठावरच्या सुंदरीचं नाक मी पुसून टाकलं आहे, वेंडी म्हणाली, नो वरीज, तसंही ते फार वर होतं).

ही सगळी पुस्तकं एकाच बाईंची, मिस टॅबिथा गॅरो यांची. व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या काळात लंडनमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहून या बाईंनी भल्याभल्यांची टोपी उडवली. वाचताना मी इतकी हसले की विनीताने मीटिंग थांबवून मला पाणी आणून दिलं. पण चित्रलेखा, बाईंच्या कादंबऱ्यांपेक्षा मला आवडली ती त्यांची मैत्री. लुईसा पेन नावाची दुसरी लेखिका त्यांची जिवलग. दोघी दर गुरुवारी भेटायच्या आणि एकमेकींची सालं काढायच्या. लुईसाच्या एका पुस्तकावर गॅरोबाईंनी छापून लिहिलं, ‘नायक तिसऱ्या प्रकरणात आजारी पडतो आणि विसाव्यापर्यंत मरत नाही, तो इतका सोसतो, तर वाचकानेही सोसावं.’ लुईसाने उत्तरादाखल केक पाठवला आणि निरोप दिला, ‘तुझ्या नायिकांसारखाच झालाय. मनुका भरपूर, पण उचलला की भुगा.’ गॅरोबाईंनी तो भुगा चमच्याने खाल्ला म्हणे.

आमच्या वेंडीचं एक पुस्तकप्रेमी मंडळ आहे. दर वर्षी तिथे वेंडी गॅरोबाईंवर बोलते. यंदा ते झूमवर होतं. अध्यक्ष आर्थर यांना घोड्यांवरच्या कविता प्रिय असल्यामुळे, वेंडी बोलली नाही तर गॅरोबाईंची जागा घोडे घेणार हे ठरलेलंच होतं. आणि नेमकी त्या सकाळी ही बाई वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला स्टुलावर चढली आणि पडली. खुबा मोडला. मी कुंपणाशी धावले तर ॲम्ब्युलन्सवाले तिला स्ट्रेचरवरून नेत होते. मला वाटलं काही निरवानिरव करतेय. मास्क खाली ओढून ओरडली, “वीणा! धिस आर्वो, यू आर ऑन! घोड्यांना येऊ देऊ नकोस!” (आर्वो म्हणजे इथली दुपार, दुपारचं भाषण माझ्या गळ्यात.) आणि दार बंद झालं. सोबत कुणाला जाता येत नव्हतं. ते पांढरं दार बंद होताना मला ठाण्याचं हॉस्पिटल दिसलं, जे मी पाहिलेलं नाही. मग मी घरात गेले आणि बरी साडी नेसले.

आयुष्य बँकेत गेलेल्या मला भाषणाची सवय ती फक्त निरोपसमारंभाची. लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पडद्यावर चौकोनाचौकोनांतून गोरी, गंभीर, पांढऱ्या केसांची मंडळी. माइक बंद आहे या समजुतीने मी स्वतःशीच म्हणाले, “अगबाई, हा आर्थर म्हणजे कोट घातलेला कोबीच.” तेवढ्यात खाली चक्क देवनागरीत ओळ उमटली : ‘वीणाताई, तुमचा माइक चालू आहे. आर्थरला मराठी येत नाही, पण मला येतं. बर्नाडेट, सेक्रेटरी, मूळची वसईची.’ मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण लॉन्ड्रीला फरशी होती. आर्थरने विचारलंच, बाई काय म्हणाल्या? बर्नाडेट शांतपणे म्हणाली, “शी सेज यू लुक व्हेरी फ्रेश.” आर्थर लाजला. (बर्नाडेटला मी बोंबलाचं लोणचं कबूल केलं आहे. मी शाकाहारी आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

मग मी बोलले. मधेच वॉशिंग मशीन गरगरायला लागलं, तेव्हा ओरडून बोलले. शेवटी वेंडीने मला दहादा सांगितलेली हकीगत सांगितली. लुईसाचा नवरा गेला आणि तिने लेखणी टाकली. मासिकात तिची कादंबरी अर्धी छापून झालेली. सांत्वनाला येणारे सगळे, वेळ हेच औषध, असं सांगून जात. गॅरोबाईंनी मात्र लुईसाच्या कादंबरीचं पुढचं प्रकरण स्वतः लिहिलं, जाणूनबुजून भिकार, आणि तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. दुसऱ्या पानावर लुईसा म्हणाली, “हे असं नाही.” चौथ्या पानावर तिने कागद हिसकावून घेतला.

चौकोनांत कुणी हललं नाही. मला वाटलं इंटरनेट गेलं. मग दिसलं की आर्थर चष्मा काढून डोळे पुसतोय. नंतर तो म्हणाला, पुढच्या वर्षीही गॅरोच. हॉस्पिटलमध्ये फोन करून मी हे वेंडीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “घोडे?” मी म्हटलं, “हरले.” ऑपरेशन नीट झालं. आता वॉकर घेऊन चालते आणि नर्सच्या इंग्रजीतल्या चुका काढते.

तर अशी मजेत आहे. पत्राचं उत्तर पाठवायची घाई नाही. जेवत जा. शौनकला आशीर्वाद.

तुझी पहिली वाचक,
वीणा

ता.क. : मुख्य गोष्ट राहिली. मार्चमध्ये तू मला वाचायला पाठवलेली नव्या कादंबरीची दहा प्रकरणं माझ्याकडे आहेत. अकरावं मी लिहिलं. तुझी सुमित्रा, जी दहा प्रकरणं कुणाला भीक घालत नाही, ती फॅमिली डॉक्टरच्या प्रेमात पडते, गच्चीवर गाणं म्हणते (तीन कडवी, माझीच) आणि मग कळतं की डॉक्टर तिचा लहानपणी हरवलेला मावसभाऊ. मला स्वतःला रडू आलं. दिवाळी अंकासाठी तुझ्या संपादकाला, अजितला, पाठवून दिलं आहे. तो म्हणाला, चित्रलेखाबाईंचं नाव असलं की मी वाचतसुद्धा नाही, थेट छापतो. त्याच्याकडून परत घ्यायचं असेल तर त्याला बदली प्रकरण लागेल, आणि तेही महिनाअखेरच्या आत.

आणखी ता.क. : तिसऱ्याच ओळीत मी मोगऱ्याला ‘शुभ्रधवल’ म्हटलं आहे. तुझ्या नावावर.