दोन बोटांची साथ

मूंटा,
६ मे

प्रिय मर्व्ह,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या नोरीनवहिनीचे गुडघे कुरकुरतात, ती त्याहून जास्त.

तू पाठवलेला कीबोर्ड पोचला. पोच द्यायला उशीर झाला, कारण तीन आठवडे मी खोकंच उघडलं नाही. चाळीस वर्षं गावोगावचे पियानो सुरात लावणाऱ्या माणसाने बटणांचं खेळणं वाजवायचं? खोकं दाराशी तसंच उभं. शेवटी नोरीन म्हणाली, "डेस, पाहुण्याला बस तरी म्हण!"

बसलो. सवयीने दोन्ही हात पट्ट्यांवर टेकले, श्वास घेतला, आणि धडाधड ड्रम, ट्रम्पेट, अख्खी पलटण सुरू! डावा हात लागला की साथ आपोआप सुरू होते, हे मला काय ठाऊक? आतून नोरीन ओरडली, "मिरवणूक येणार होती तर आधी सांगायचंस!"

मग पियानोसारखा खर्ज चालवायला गेलो, तर दर सुराला पलटण भलतीकडेच वळायची. डाव्या हाताने एक-दोन पट्ट्या नुसत्या धरून राहायच्या, बाकी यंत्र बघतं, हे डोक्यात शिरायला आठवडा गेला.

हाताला मात्र ते आधीच समजलं होतं. जानेवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यापासून त्याचा अंगठा आणि पहिलं बोट, एवढंच माझं ऐकतं. नोरीनने तुला चोरून फोन केला होता ना? माझे कान अजून शाबूत आहेत. पियानोचं झाकण मी तेव्हाच लावलं. पुन्हा वाजवेन असं वाटलं नव्हतं.

पट्ट्यांवर तू चिकटवलेली चिठ्ठी अजून तिथेच आहे. "दोन बोटं पुरतात." बाकी एक अक्षर नाही. रोवेनाच्या लग्नाबद्दलही नाही. तू रंगात येऊन असाच कीबोर्ड वाजवत होतास, आणि मी भरल्या हॉलमध्ये तुझा प्लग उपटून म्हणालो, "आता खरं संगीत ऐका." लोक हसले. तू वायर गुंडाळलीस आणि गेलास. नऊ वर्षं झाली. लेकीच्या लग्नात मी भावाला हाकललं, मर्व्ह. चुकलो.

वीस तारखेला दुपारी इथल्या बोल्स खेळाच्या क्लबात नाच आहे. वाजवायला मी आहे. हो म्हणून बसलोय. तिकडून, व्हायलाहून, येशील? तू आल्याशिवाय सुरू करणार नाही. प्लग मीच लावेन, डाव्या हाताने. वेळ लागेल, तेवढा थांब.

तुझ्यामुळे पुन्हा वाजवणारा,
डेस