विहाराच्या स्लॅबची तराई

२८ एप्रिल
उद्या स्लॅब. गिट्टी आली, रेती आली, मिक्सर सकाळी येणार. थायलंडची मंडळी घमेली उचलून उचलून काळवंडली आहेत. बिचारी सुट्ट्या टाकून, स्वतःच्या खर्चानं पांढुर्ण्यात आमच्या वस्तीचं विहार बांधायला आलीत, त्यांना काय बोलणार? पण त्यांचं जेवणखाण, आंघोळीचं पाणी, दुखणीखुपणी, सगळं माझ्या गळ्यात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता पाय पसरून पडायचं. वस्तीच्या लेखी सिस्टरबाई अजून ड्युटीवरच आहेत.

यंदाच्या बुद्धपूर्णिमेची वंदना पक्क्या छताखाली व्हावी, एवढी एकच हाव उरली आहे. टिनाखाली बसून निम्मं आयुष्य गेलं. ह्यांची शोकसभासुद्धा टिनाखालीच झाली, भर मेच्या उन्हात. लोक अश्रू पुसत होते की घाम, कळत नव्हतं.

२९ एप्रिल
झाला एकदाचा. बायांची रांग, हातोहात घमेली. माझ्या एका बाजूला शेजारची कमलाबाई, दुसऱ्या बाजूला माली. ही थाई पोरगी माझ्याच घरी उतरली आहे. पुण्यात दोन वर्षं शिकली, त्यामुळे मराठी येतं, पण इस्त्री केलेलं. दुपारी पऱ्हाटीच्या जाळावर वरण-भात, वर बुंदी. मालीनं हिरव्या मिरच्या नुसत्या खाल्ल्या. बाया बघतच राहिल्या.

रमेश मिस्त्रीनं जाताना सगळ्यांना बजावलं, तराई चुकली तर या उन्हात स्लॅब फुटणार. सकाळ-संध्याकाळ पाणी, सुकू द्यायचा नाही. आणि नळ येतो दोन दिवसांआड. म्हणजे ज्याच्या त्याच्या ड्रममधूनच पाणी काढायचं. घरागणिक पाळ्या लावल्या. प्रत्येक दारात कोण गेलं? मीच.

पाय सुजलेत.

१ मे
बोरगावहून फोन. अक्का न्हाणीत पडली, खुब्याचं हाड. सौसरला दवाखान्यात नेताहेत. जावंच लागेल.

इकडे मालीला ऊन लागलंय, ताप. तळपायांना कांदा चोळला, साखर-मिठाचं पाणी पाजलं. स्लॅबवर अजिबात चढायचं नाही, अशी ताकीद दिली. म्हणाली, "ताई, आपण निश्चिंत जा. मी सर्वांना विचारत राहीन."

निश्चिंत. शब्द तरी चांगला आहे.

४ मे
परत आले. अक्काला नागपूरला हलवलं, भाचा आहे सोबत. बसमध्ये अर्धा रस्ता उभी. घरात पिशवी टेकवली नाही तोच मिस्त्री दारात. तोंड बघूनच कळलं.

स्लॅब कोरडा ठणठणीत, पांढरा पडलेला. मधोमध भेगा. बारीक, केसासारख्या. पण भेगाच.

मालीला विचारलं. ती दोन्ही दिवस, दोन्ही वेळा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बायांना विचारत होती, पाणी टाकलं का? सगळ्यांचं एकच उत्तर, "टाकून राहिलो ना."

"टाकून झालं, मग तुम्ही राहिलात, म्हणजे थांबलात. असंच ना, ताई?"

नाही गं माये. टाकून राहिलो म्हणजे टाकतो आहोत. आणि आमच्याकडे टाकतो आहोत म्हणजे अजून बादलीसुद्धा उचलली नाही. हे पुण्यात कोण शिकवणार?

समजावून सांगितलं तेव्हा रडली. मला रडायलाही त्राण नव्हतं. मिस्त्रीनं भेगांत सिमेंटचं पाणी ओतलं, मातीचे बांध घालून स्लॅब पाण्यानं भरून टाकला. टिकेल का, विचारलं. म्हणे खालच्या टेकूच्या बल्ल्या काढल्यावरच समजते.

५ मे
कमलाबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "परदेशी पोरीच्या हाती द्यालेच नोको होतं."

मी विचारलं, तू स्वतः काय सांगितलंस तिला?

"टाकूनच तं राहिलो होतो, सिस्टरबाई. नळ नाही आला त्याले आम्ही काय करू?"

प्रत्येकीला वाटलं दुसरी टाकेल. आता खापर पोरीच्या डोक्यावर, कारण ती उद्या निघून जाईल आणि भांडायला परत येणार नाही. राग आला. पण भांडायलाही अंगात जोर लागतो.

७ मे
माली घरोघरी हात जोडून माफी मागत फिरली. मी नको म्हणत होते. आणि बायांनी चक्क माफ केलं! कमलाबाईनं तर वर चहा पाजला. संताप संताप झाला माझा.

पाणी मात्र आता न सांगता पडतंय.

१० मे
मंडळी गेली. नागपूरची गाडी उशिरा आली, तोवर फलाटावर उन्हात उभे. मालीनं पायांना हात लावला, मी उचलून जवळ घेतली. तिला एवढंच विचारायचं होतं, "लोक आत बसतील ना, ताई?" बसतील म्हटलं. खोटं की खरं, मलाच माहीत नाही.

घर एकदम मोठं झालंय. झोपले दिवसभर.

२० मे
बल्ल्या काढल्या. सगळे लांब उभे. शेवटची निघाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. काही झालं नाही. मिस्त्री वर जाऊन उड्या मारून आला. म्हणाला, "काही नाही होत, सिस्टरबाई. बसा बिनधास्त."

पण आत पाऊल कोणी टाकेना. आया पोरांना मागे ओढताहेत. कमलाबाईचं ठरलंय, पूर्णिमेला टिनाखालीच बसू, पुढच्या वर्षी पाहू. बाकीच्या माना डोलावतात. पुढच्या वर्षीपर्यंत आत कोणीतरी कापूस भरून ठेवेल, मग गोदामच होईल त्याचं. मला माझ्या माणसांची खोड माहीत आहे.

मालीचा मेसेज आला आहे. उत्तर दिलं नाही.

२३ मे, पूर्णिमा
कोणाला बोलवायला गेले नाही. या वेळी एकही दार नाही. पांढरं लुगडं नेसले, आत झाडलं, सतरंजी अंथरली, मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. ही वही सोबत आणली, कोणी आलं नाही तर लिहीत बसू म्हणून.

वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा बघितलं. भीती वाटते, खोटं कशाला लिहू?

बाया पलीकडे टिनाखाली जमल्यात, पांढऱ्या साड्या इथून दिसतात. घामानं भिजल्यात, पण इकडे येत नाहीत. एकटीनंच पंचशील म्हटलं. आवाज घुमतो इथे, टिनाखाली कधी घुमला नव्हता.

कमलाबाई दारात आली आहे. चपला काढल्यात. नजर वर, भेगांकडे.

आत ये म्हटलं.

"येऊन राहिली," म्हणते, आणि उंबऱ्याबाहेरच उभी आहे. मी सतरंजीवर जरा सरकून बसले.