पदकाच्या गोष्टीतला रतन

प्रकाशा, ६ नोव्हेंबर १९६६, रविवार
सकाळीच शहाद्याहून जीप. यांचा सत्कार, पुन्हा. शेतात कापूस फुटून लोंबतोय, वेचणीच्या बाया येऊन बसलेल्या, आणि हे कोटावर पदक लावून निघाले. लढाईत पाय अधू झाला म्हणून फौजेनं घरी पाठवलं, तेव्हा शेत मी बघतो म्हणाले होते. माझा सुटीचा दिवस बांधावर गेला.

८ नोव्हें.
शाळेत हेडमास्तर सांगत होते, "बाई, तुमच्या यजमानांनी एकट्यानं जखमी साहेबाला गोळ्यांतून ओढून आणलं. अंगावर काटा आला."
एकट्यानं!
इस्पितळातून आले त्या आठवड्यात मला सांगितलं ते वेगळं होतं. दोघं गेले होते, हे आणि विसरवाडीचा रतन. साहेबाला दोघांनी उचललं. परतताना रतनच्या पोटात गोळी. यांनी साहेबाला पोचवलं, रतनला आणायला पुन्हा निघाले तर यांच्याच पायात लागली. रतन संध्याकाळपर्यंत पाणी मागत होता. ऐकू येत होतं. कुणालाच जाता आलं नाही.
हे सांगताना रडले होते. आता सभेत रतन नाहीच.

९ नोव्हें.
विचारलंच. म्हणाले, "लोकेस्ले तेच गोड लागस." सत्कार भरवणाऱ्या मंडळवाल्यांनीच सुचवलं म्हणे, एकच माणूस ठेवा, गोष्ट सरळ होते. म्हटलं, रतनच्या घरच्यांच्या कानावर गेलं तर? ताट सरकवून उठले.
चीड येते. बोलणार कुणाशी? गावात सगळ्या माझ्या नशिबाचा हेवा करतात.

१३ नोव्हें., रविवार
रतनचे वडील आले. विसरवाडीहून ट्रकनं, पुढे एस.टी.नं. शहाद्याच्या सभेत रतनचं नाव निघालं नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. चहा नको म्हणाले. यांना एवढंच विचारलं, "मन्हा रतननं नाव काबर नही उनं?"
हे त्यांच्यासमोर खाली बसले. मग सांगू लागले. साहेबाला दोघांनी कसं उचललं, रतन पुढे कसा होता. काही लपवलं नाही. मी दाराशी उभी. गोळीपर्यंत आले आणि थांबले. मग म्हणाले, "लागताच गया, बाबा. तरास नही व्हयना त्याले."
बाबा रडले. नंतर चहा मागितला.
इतके दिवस मी खोट्यावरून भांडतेय. आणि या खोट्यावर मात्र... तोंड उघडलं नाही मी.
जेवताना बाबा म्हणाले, उद्या धडगावला सभा आहे ना, मीपण येतो. तिथे असंच सांगा.
हे हो म्हणाले.

१४ नोव्हें.
जीप आली. बाबा आधीच पुढे जाऊन बसले. मंडळाच्या चिटणीसांनी यांना कडुनिंबाखाली बाजूला घेतलं, काहीतरी समजावत होते. यांची मान हलत होती. हो म्हणत होते की नाही, ओट्यावरून कळेना. मग गेले.
शाळेत लक्ष नव्हतं. भूगोल अर्धाच झाला.
आता दिवेलागण. घाटातून यायला उशीर होतोच. भाकरी तिघांच्या केल्यात.