वालाच्या वेलीने धरलेली खुर्ची

प्रिय अहो,

समोर होतात तेव्हा नुसतं 'अहो' पुरत होतं. काल तुमची वेताची खुर्ची आणायला गच्चीवर गेले. म्हटलं, आता तीत मी बसेन. पाहते तर तुमच्या बाईसाहेबांनी खुर्चीच्या हाताला वेढे घातलेले! तिथेही तीच आधी. राग आला, म्हणून लिहायला बसले.

बाईसाहेब! कुंडीतल्या वालाच्या वेलीला हे नाव, आणि मला जन्मभर 'अगं'. मोठ गावच्या बाजारातून हिचं बी खिशात जपून आणलंत, मी सांगितलेले चणे विसरलात. झाशीचं ऊन लागू नये म्हणून हिच्यावर माझी साडी बांधलीत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालात, तरी ही एक विद्यार्थिनी उरलीच.

शेंड्याच्या वर, विटांवर आडवी काच ठेवायची, आणि शेंडा जिथे दिसेल तिथे टिकली चिकटवायची. टिकल्या कुणाच्या? माझ्या! दुपारपर्यंत काचेवर वाकडंतिकडं कडं तयार. "बघ, आधार शोधत गोल फिरते. डोळे नसून!" माझ्या कपाळावरची टिकली सरकली, तर कधी दिसली का हो तुम्हाला?

आणि हॉस्पिटलात? तुमचा हात माझ्या हातात होता. डोळे उघडून विचारलंत, "वेल कुठवर आली?" त्यानंतर तुम्ही बोललाच नाहीत. हे मी मुलांनाही सांगितलेलं नाही.

काल वेढे सोडवून मी तिला दोरीवर गुंडाळली. आज पाहिलं तर सगळं उलगडून शेंडा परत खुर्चीकडे! मग आठवलं, उलट्या बाजूने गुंडाळली तर ती राहत नाही. किती वेळा सांगितलं होतंत! पण बाईसाहेबांचं कौतुक मी कशाला कान देऊन ऐकू?

शेजारच्या भाभी म्हणाल्या, "जिज्जी, जा सेम अब काट दो. इत्तो को करहै?" वेल कापून टाका, एवढं कोण करत बसणार, म्हणे.

मला तेच हवं होतं. कात्री घेऊन उभी राहिले. वारा नव्हता, तरी शेंडा हळूहळू फिरत होता. तुमच्या रिकाम्या खुर्चीवरून गेला, काही सापडलं नाही, पुन्हा वळला. मीही दिवसभर अशीच फिरते हो. बैठक, स्वयंपाकघर, गच्ची, पुन्हा बैठक. रडू आलं. कात्री खाली ठेवली. मत्सर तेवढा अजून जिथल्या तिथे आहे.

तर वचन देते. पाणी घालीन, खुर्चीही तिलाच राहू दे. शेंगांची उसळ मात्र मी एकटी खाणार, भाभींनाही देणार नाही! आणि आपण भेटू तेव्हा वेल कुठवर आली ते नीट सांगेन. पण आधी माझं विचारायचं. मी कशी आले, एवढं तरी.

तुमची,
शरयू
(हे माझं नाव, अहो.)