न पडलेल्या माणसाला तळमजला मिळण्याबाबत

प्रति,
निवासस्थान वाटप अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय.

विषय : तिसऱ्या मजल्यावरील खोली तळमजल्यावर बदलून मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : आपले पत्र, "अर्जदार पडलेला नसल्याने अपघात सिद्ध होत नाही."

महोदय,

१. आपले म्हणणे खरे आहे. मी पडलो नाही. मेहुण्याच्या आग्रहाखातर सुट्टीत लाटेवर फळी चालवायला शिकायला गेलो. फळीवर पालथे झोपून, पाठ ताणून, मान वर करून लाटेची वाट पाहणे हा पहिला धडा. तो मी तासभर इतक्या मन लावून केला की शिकवणाऱ्याने इतरांना माझ्याकडे बघायला सांगितले. उभे राहण्याच्या धड्यापर्यंत मी पोहोचलोच नाही. पाठीत कळ आली, पायांना मुंग्या आल्या आणि पाय गेले.

२. डॉक्टर म्हणतात, नवशिक्यांनाच क्वचित असे होते. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो. हाड शाबूत, अंगावर ओरखडा नाही. म्हणून आपल्या अपघात शाखेने मला आजार शाखेकडे पाठवले. फळीवर झोपून आजार होत नाही, असे कळवून त्यांनी परत पाठवले.

३. आपले तपासनीस घरी येऊन गेले. भला माणूस. चहा घेता घेता म्हणाले, "साहेब, जरासे पडला असतात तर काम झालं असतं." पत्नी म्हणाली, "मग आता पाडू का?" अहवालात त्यांनी 'कुटुंब सहकार्यास तयार' असे नमूद केले आहे.

४. तळमजल्यावरील खोली क्र. २ मध्ये कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या राहतात. त्यांना हलवू नये. मी माझी चाकाची खुर्ची घेऊन त्यांच्यात राहीन.

५. सात महिन्यांत मी दोनदा खाली उतरलो, दोन्ही वेळा मेहुण्याच्या पाठीवर. आता त्याचीही कंबर धरली आहे. मुलगी शाळेतून आली की खाली थांबून मला हात करते, असे पत्नी सांगते. खुर्चीतून मला कठड्यापलीकडे समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

६. शुक्रवारी कार्यालयात समक्ष हजर राहावे, अन्यथा गरज नाही असे समजण्यात येईल, असे आपण कळवले आहे. तरी विनंती की आपणच वर यावे. तीन जिने आहेत, दम लागेल. बसायची सोय आहे. पाहणी आटोपली की आपण उठाल आणि खाली जाल. माझा अर्ज एवढ्याचसाठी आहे.

कळावे, घरीच आहे.

आपला नम्र,
वरिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा
(खोली क्र. १४, तिसरा मजला)
दि. ९ मार्च

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला. २) मी पडलो नसल्याबद्दल शिकवणाऱ्याचे पत्र, दोन प्रतींत.