रेघांसाठी सोडलेल्या जागा

प्रिय बाई,

एका रेघेला खरा खर्च किती, ते परवा कळलं. सहा बटणं! शून्य, नऊ, पाच, एक; मग ऑल्ट धरून एक्स. अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ हजर. शेवटच्या एकाऐवजी दोन दाबा, की अक्षराखाली आडवी.

कल्याणचे एक गुरुजी मंत्रांची फाइल प्रिंटला घेऊन आलेले. बघतो तर तुमच्याच रेघा! म्हटलं, "हे कसं केलंत?" तर म्हणतात, "अहो, टायपिंगचं दुकान तुमचं, आणि मला विचारता?"

तुम्हाला मात्र मी सांगितलेलं, "बाई, ही चिन्हं कंप्युटरात नसतातच."

ठाकुर्लीच्या दुकानात तुम्ही मावशीचे धवले घेऊन आलात. आगरी लग्नांत त्या गायच्या, त्यांच्यानंतर ते फक्त तुम्हालाच येत होते. वहीत नुसते शब्द. सूर तुमच्या गळ्यात. उभी रेघ म्हणजे सूर वर, आडवी म्हणजे खाली. "रेघा नसतील तर किराण्याची यादी होईल रे ती," म्हणालात. सगळे गाऊन दाखवलेत. एकदा मी मध्येच म्हटलं, "बाई, मघाशी इथे सूर वर होता." केवढ्या हसलात! "पाढे सोडून सगळं ऐकू यायचं तुला!"

म्हणजे रेघांवाचून काय जाणार आहे, हे मला ऐकू येत होतं. तरी ऐटीत म्हणालो, "या मशीनची गल्लीबोळं मला पाठ आहेत. नाही म्हणजे नाही. मी जागा सोडतो, तुम्ही घरी पेनाने भरा." लग्नपत्रिकांचा सीझन होता, बाई. शोधत कोण बसणार?

आणि तुम्ही गुपचूप ऐकलंत! वर्गात कान धरायचात, तसा धरून "शोध!" का नाही म्हणालात?

तुमची शुभा दिवसकार्यानंतर ते कागद घेऊन आली. "दादा, आईने एवढंच केलंय." एकेचाळिसाव्या पानापर्यंत थरथरत्या रेघा. पुढच्या तीस पानांवर रेघांच्या जागा कोऱ्या. मान वर करून तिच्याकडे बघवेना.

उरलेल्या रेघा मी घालतोय. जे कानात आहे तेवढंच. आठवणार नाही तिथे जागा कोरीच ठेवीन. अंदाजाने एकही रेघ मारणार नाही. हा शब्द.

तुमचा,
मागच्या बाकावरचा दिलीप

ता. क. गुरुजी गेल्यावर बघितलं. त्या रेघा 'सिंबॉल'च्या खिडकीतही आहेत. वीस वर्षांत मी ती एकदाही उघडलेली नव्हती.