सुनेला साहेबासमोर बसवताना

नाशिक, मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

सुनेने आज मला तोंडावर ‘तुमचं चुकलं’ म्हटलं, म्हणून लिहायला बसले.

उद्या वैशालीची मुलाखत. सातपूरच्या एका कंपनीत मोठ्या साहेबांच्या पी.ए.ची जागा आहे. मुलाचं काम सुटल्यापासून घर ओढाताणीने चाललंय, ही नोकरी मिळायलाच हवी. तयारीसाठी मी साहेब झाले, समोर खुर्ची ठेवली. ही पदर सावरून उभीच! देवळ्याच्या माहेरची शिस्त. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसली नाही. मला ते आजवर खटकलं कसं नाही?

“बस. साहेबासमोरही उभीच राहणार का?”

खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली. मी मुद्दाम एकाच वेळेच्या दोन मीटिंगा सांगितल्या. तिने निमूट लिहून घेतल्या. चिडलेच मी.

“साहेब चुकला तर सांगायचं कोणी?”

“तुम्हाला कसं सांगू, आई?”

“मी आई नाही, साहेब आहे!”

तेव्हा कुठे खुर्चीत नीट मागे सरकून बसली. “साहेब, तुमचं चुकलं. दोन्ही मीटिंगा अकरालाच आहेत.” मग जरा थांबून, “आणि रोज सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने जेवता, तेही चुकतं. मला लय वाईट वाटतं.”

“हे तिथे बोलू नकोस,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी तिला माझी राखाडी नारायणपेठी साडी इस्त्री करून दिली. तिने माझ्या नातवाची, चिनूची शाळा आणि डबा माझ्याकडे सोपवला. वर बजावलं, “भेंडी देऊ नका, परत आणतो.”